शब्दचर्चा : ‘स्वराज्य’ कागदातलं आणि पडद्यावरचं

प्रश्न (कोथरूडहून) : शिवकालावरच्या भव्य हिंदी चित्रपटांत ‘स्वराज्य’ म्हणजे साऱ्या देशाचं स्वातंत्र्य, असंच ऐकू येतं. जुन्या मराठी कागदांतही हाच अर्थ आहे का?

उत्तर : नेहमी नाही. पेशवाईच्या कागदांत ‘स्वराज्य’ ही महसुली संज्ञाही आहे. १७१९ साली बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून आणलेल्या सनदा तीन : चौथाई (महसुलाचा चौथा हिस्सा), सरदेशमुखी (महसुलाचा दहावा हिस्सा) आणि स्वराज्य. यातलं स्वराज्य म्हणजे साधारणपणे शिवाजी महाराजांच्या निधनाच्या वेळी त्यांच्या ताब्यात असलेला मुलूख. त्यापलीकडे मोगलाई. थोडक्यात, या शब्दाला शीव होती. ‘हिंदवी स्वराज्य’ या शब्दांसाठी शिवाजी महाराजांनी दादाजी नरस प्रभूंना लिहिलेलं म्हणून १६४५ चं पत्र पुढे केलं जातं, पण त्याच्या अस्सलपणाबद्दल अभ्यासकांत वाद आहे.

सगळ्या देशाला पुरेल एवढा अर्थ या शब्दात भरला तो दादाभाई नौरोजींच्या आणि टिळकांच्या काळात. चित्रपटांनी उचलला तो हाच. १९३० साली प्रभातने शिवचरित्रावर मूकपट काढला, नाव ‘स्वराज्याचे तोरण’. तोरणा घेऊन स्वराज्याचं तोरण बांधलं, ही कथा मराठी प्रेक्षकाला नावातच कळत होती. सेन्सॉरला मात्र त्यात चालू चळवळ दिसली आणि चित्रपट ‘उदयकाल’ या नावाने लागला. माझ्या मते सेन्सॉरने शब्द अगदी बरोबर वाचला होता. प्रेक्षकही तो तसाच वाचत होते.

प्रश्न : मग आजच्या चित्रपटाने तोच अर्थ घेतला तर बिघडलं कुठे?

उत्तर : १९३० मध्ये परकी सत्ता समोर होती, म्हणून सतराव्या शतकाच्या आडून बोलावं लागलं. आज तसं काही आड येत नाही. तरीही देशभरच्या प्रेक्षकाला पटकन कळावं म्हणून मावळातल्या माणसाच्या तोंडी अख्ख्या हिंदुस्थानची भाषा दिली जाते आणि रयत, वतन, देशमुखी, गडकोट हे सगळं गळतं. निदान अशा चित्रपटाच्या मराठी आवृत्तीत तरी ते शब्द राहायला हवेत. मुलखातल्या देशमुखांना वतनाच्या ओढीतून बाहेर काढून एका राज्यात बांधणं किती अवघड होतं, ते या शब्दांशिवाय प्रेक्षकाला कळणारच नाही. जेधे आणि खोपडे एकाच मावळातले, पण अफजलखान आला तेव्हा कान्होजी महाराजांकडे राहिले आणि खंडोजी खानाला मिळाले.