बीटलच्या इंजिनाचे पत्रे: गंज कसा काढू, आणि हे दोन तुकडे कुठले?

चाकवेडा:
१९६८ ची फोक्सवॅगन बीटल, १३०० सीसीचं, पंख्याच्या हवेनं थंड होणारं इंजिन. इंजिन खाली उतरवलंय, सिलिंडर हेड्सही काढलेत. ही हवा वळवणारे पत्रे, पंख्याच्या डब्यापासून सिलिंडरवरच्या झाकणांपर्यंत, सगळे सुटे करून ठेवलेत. डब्यात उंदरानं संसार थाटला होता. सीटमधला काथ्या ओढून आणून ऑइल कूलरवर (इंजिनचं तेल थंड करतो तो) अशी काही गादी केली होती की हवा जायला फटच नाही. आधीचे मालक म्हणाले होते, "जरा तापते हो." जरा!

सगळं सँडब्लास्ट करून पावडर कोटिंग मारावं म्हणतोय. चालेल ना? आणि खोक्याच्या तळाशी तळहाताएवढे दोन वाकडेतिकडे पत्रे सापडले. स्क्रूचं भोक नाही, कशालाच जुळत नाहीत. भंगारात टाकू?

दोननंबरपाना:
थांबा, टाकू नका! ते सिलिंडरच्या खालचे पत्रे आहेत, दोन्ही बाजूंना एकेक. दोन सिलिंडरांच्या मधल्या फटीखाली, पुशरॉड ट्यूबच्या (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या दांड्यांच्या नळ्या) वर बसतात. स्क्रू लागत नाही, हेड आवळणाऱ्या लांब स्टडमध्ये ताणून अडकतात. पंखा हवा वरून ढकलतो. हे पत्रे नसले तर ती मधल्या फटीतून सरळ खाली पडते आणि सिलिंडरची खालची बाजू हवेविनाच राहते. असले तर हवा सिलिंडरच्या खालच्या पंखांना (भोवतीच्या पातळ चकत्यांना) वळसा घालून जाते. ट्यूब बसवायच्या आधीच ते घालावे लागतात, म्हणूनच घाईचा मेकॅनिक विसरतो. तुमची हेड्स उतरलेली आहेत, नशीबवान आहात.

गंजखाऊ:
सँडब्लास्टबद्दल माझा हात पोळलाय. पातळ सपाट पत्रा जोराच्या माऱ्याखाली फुगतो, मग कडा एकमेकींवर बसत नाहीत. पंख्याच्या डब्याचं तर नावच नको. आतल्या वळणांत आणि दुमडींत वाळू अडकते. मी तीनदा धुतला, तरी गाडी सुरू केल्यावर करकर ऐकू आलीच.

मी आता धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात बुडवून बॅटरी चार्जर लावतो. काळी तार पत्र्याला, लाल तार बाजूच्या टाकाऊ लोखंडाला. ते लोखंड स्टेनलेसचं अजिबात नको, पाणी विषारी होतं. मोकळ्या हवेत करा, हायड्रोजन सुटतो. रात्रभरात गंजाचा काळा गाळ होतो, ब्रशनं निघतो. धुऊन लगेच वाळवा आणि त्याच दिवशी प्रायमर मारा, नाहीतर दुसऱ्या दिवशी पुन्हा तांबूस.

दोननंबरपाना:
पावडर कोटिंगला माझा विरोध नाही, पण थर जाड असतो. पत्रे एकावर एक चढतात तिथे भोकं जुळत नाहीत, मग माणूस भोकं मोठी करत बसतो. साधा काळा इनॅमल पुरे, कारखान्यातूनही काळेच यायचे. क्रोमचे चकचकीत पत्रे घेऊ नका, माझ्या अनुभवात एकही नीट बसला नाही.

आणि इंजिनच्या खोलीच्या कडेचा रबर बघा. तो फाटला की खालची तापलेली हवा वर येते आणि पंखा तीच परत ओढतो. तुमच्या मॉडेलमध्ये ऑइल कूलर डब्याच्या आतच आहे, त्यामुळे तिसऱ्या सिलिंडरला कूलरमधून गरम झालेली हवा मिळते. १९७१ च्या मॉडेलपासून कूलर बाहेर काढला, तो याच कारणासाठी.

चाकवेडा:
सोड्याचा प्रयोग केला. पहिल्या रात्री काही म्हणजे काही झालं नाही, कारण क्लिप रंगावर लावली होती! रंग खरवडून लावली तेव्हा बुडबुडे आले. तिसऱ्या सिलिंडरवरच्या झाकणाला गंजाखाली आरपार टाचणीएवढी सहा भोकं निघाली, वेल्डिंग करून घेतली. डब्यातल्या थर्मोस्टॅटच्या झडपाही अडकल्या होत्या, त्या तेल घालून मोकळ्या केल्या.

ते दोन तुकडे बसले. डावा पहिल्याच फटक्यात, उजव्यानं स्टडपाशी अर्धा तास घेतला. रबरही नवा घातला. ट्यूब चढवायच्या आधी फोटो काढून ठेवलाय, नंतर दिसणार नाहीत म्हणून.