मदत हवी आहे : मुळशी बाजूला थार-जिम्नी घेऊन एक दिवसाचा ट्रेल, जागा सुचवा

मंडळी, आम्ही पुण्यातले पाच जण, तीन थार, एक गुरखा आणि माझी जिम्नी, पावसाळा सरला की नोव्हेंबरात एखाद्या रविवारी मुळशी-पौड बाजूला ऑफरोडिंग (रस्ता सोडून चिखल-दगडांतून गाडी चालवणं) करायचं चाललंय. ताम्हिणीचं नाव निघालेलं पण तिथे अभयारण्य आहे, जंगलात गाडी घालणं बादच. मग मालकाला विचारून खासगी जागेतच करायचं, तर अशी जागा कुणाला माहितीये का आणि जागेचे पैसे किती द्यायचे हे तुम्ही कसं ठरवता? शेताचा बांध मोडला वगैरे अजिबात नकोय, मागच्या वेळी एकाने तो पराक्रम केला आणि गावकऱ्यांच्या शिव्या सगळ्यांनी खाल्ल्या.

दुसरं म्हणजे, चिखलात आम्ही टायरची हवा २० पीएसआयपर्यंत उतरवतो, पण परत भरायला कॉम्प्रेसर एकच, पाच गाड्यांना पुरेल का मधेच तापून बसेल? अडकलेली गाडी ओढायला स्नॅच स्ट्रॅप (ताणला जाणारा पट्टा) आणि डी शॅकल (तो अडकवायची कडी) आहेत, विंच (गाडीला बसवलेलं, दोर गुंडाळून ओढणारं यंत्र) कुणाकडेच नाही.

आणि हो, एका थारवाल्याची गाडी टू व्हील ड्राइव्ह आहे, म्हणजे इंजिनाचा जोर दोनच चाकांना, हे काल कळलं 😀 त्याला न्यायचं का वडापावच्या ड्यूटीवर ठेवायचं?