मुलाला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, एफएमटी करावं का? अनुभव हवेत

पुण्याची_आई: मुलगा १३ वर्षांचा. मोठ्या आतड्याला आतून सूज आणि जखमा आहेत. मेसालामाइन (सूज कमी करणारं औषध) चालू आहे, पण स्टिरॉइड कमी करायला घेतलं की परत शीतून रक्त. चेहरा फुगलाय. वर्गात दाराजवळच्या बाकावर बसतो, कारण बाईंची परवानगी मागेपर्यंत दम निघत नाही. डॉक्टर अ‍ॅझाथायोप्रिनच्या गोळ्या किंवा इन्फ्लिक्सिमॅबची इंजेक्शनं म्हणताहेत, दोन्ही प्रतिकारशक्ती दाबणारी. दुसऱ्या एका क्लिनिकने एफएमटी सुचवलंय, म्हणजे निरोगी माणसाच्या शीतले जंतू दुर्बिणीतून आतड्यात सोडायचे. मोठी बहीण दाता चालेल म्हणे. मुलांमध्ये कुणी केलंय का? दीड लाखाच्या वर झेपणार नाही.

एडिसनची_मावशी: आमच्या लेकीचं इथे अमेरिकेत झालं. अँटिबायोटिक्सनंतर सी. डिफ नावाच्या जंतूचा आतड्यात संसर्ग झाला होता. त्यावरचं औषध व्हॅन्कोमायसिन संपलं की पुन्हा जुलाब, पोर वाळून गेली होती. एफएमटी एकदाच दिलं आणि सगळं थांबलं. बिनधास्त करा. जमत असेल तर इकडेच घेऊन या, इथली मुलांची हॉस्पिटलं फार चांगली आहेत.

सांगलीकर: मावशी, ताईंनी बजेट लिहिलंय. ताई, माझ्या भाच्याला इन्फ्लिक्सिमॅबनेच फरक पडला. महिन्याभरात शाळेत जायला लागला. तेच घ्या, मुलापुढे पैशाकडे बघू नका.

लॅबवाली: मावशींच्या लेकीचा आजार वेगळा, या मुलाचा वेगळा. परत परत होणाऱ्या सी. डिफवर एफएमटी खरोखर चालतं. अमेरिकेतल्या १८ केंद्रांमधल्या ३३५ मुलांचा आणि तरुणांचा अभ्यास २०२० मध्ये आला, त्यात एकदाच एफएमटी देऊन ८१ टक्के बरे झाले. कोलायटिसचं तसं नाही. ऑस्ट्रेलियातल्या २०१७ च्या चाचणीत मोठ्या माणसांना आठ आठवडे, आठवड्यातून पाच दिवस एफएमटीचे एनिमा दिले, तेही अनेक दात्यांचे मिसळून. तरी २७ टक्क्यांनाच ठरवलेला गुण आला, नुसत्या प्लासिबोवर, म्हणजे खोट्या औषधावर, ८ टक्क्यांना. तुमचं क्लिनिक किती वेळा देणार आहे, ते आधी विचारा.

मठ्ठा_रोज: मी दहा वर्षं रोज घरचं ताक आणि मऊ भात खातोय, पोट एकदम शांत. ताकातही जंतूच असतात, मग दुसऱ्याची शी कशाला?

नगरची_कविता: मला ताकानेच जास्त त्रास झाला. प्रत्येकाचं वेगळं असतं, असा सल्ला सरसकट देऊ नका.

मठ्ठा_रोज: तुम्ही विकतचं दही वापरलं असेल.

एडिसनची_मावशी: आता गोळ्याही निघाल्यात, दुर्बीण लागतच नाही.

लॅबवाली: त्या व्हाउस्टच्या कॅप्सूल. अमेरिकेत २०२३ ला मंजूर झाल्या, पण १८ वर्षांच्या पुढच्यांसाठी आणि त्याही सी. डिफ पुन्हा होऊ नये म्हणून. ताई, दोन गोष्टी जरूर करा. एक, मुलाच्या शीची सी. डिफ तपासणी. कोलायटिसच्या मुलांमध्ये तो जंतू असला की आजारच उसळलाय असं वाटतं आणि स्टिरॉइड वाढत राहतं. दोन, दात्याची तपासणी कोण करणार ते लेखी घ्या: एचआयव्ही, कावीळ, जंत आणि औषधांना न जुमानणारे जंतू. २०१९ मध्ये अमेरिकेत एकाच दात्याकडून असे जंतू दोन रुग्णांमध्ये गेले, एक दगावला. दोघांचीही प्रतिकारशक्ती कमी होती. तुमचा मुलगा स्टिरॉइडवर आहे, त्यानेही प्रतिकारशक्ती कमी होते.

सांगलीकर: म्हणूनच म्हणतो, इन्फ्लिक्सिमॅब.

नगरची_कविता: सी. डिफची तपासणी मीही हेच सांगणार होते. आणि सख्खी बहीण दाता नको. तिलाही हा आजार होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते.

पुण्याची_आई: सर्वांचे आभार. सी. डिफ निगेटिव्ह आलं. दात्याच्या तपासण्यांची यादी मागितली, तर क्लिनिकने "आमच्यावर सोडा" एवढंच उत्तर दिलं. मुलालाही विचारलं. तो म्हणाला, ताईची शी पोटात नको, पण गोळी रोज घेईन. एफएमटी करत नाही. इन्फ्लिक्सिमॅबचा खर्च वर्षानुवर्षं पेलेल असं वाटत नाही, म्हणून अ‍ॅझाथायोप्रिन सुरू करतोय. त्याआधी एनयूडीटी१५ या जनुकाची रक्ततपासणी सांगितलीय.

सांगलीकर: अ‍ॅझाथायोप्रिनचा परिणाम दिसायला दोन-तीन महिने जातात. तोवर स्टिरॉइड चालूच राहणार. अजून विचार करा.

लॅबवाली: ती रक्ततपासणी टाळू नका, आपल्याकडच्या बऱ्याच जणांच्या पांढऱ्या पेशी या गोळीने एकदम घसरतात. आणि कांजिण्या होऊन गेल्यात का, लस झालीय का, ते गोळी सुरू व्हायच्या आत डॉक्टरांना सांगा. जिवंत लस नंतर देता येत नाही.