'लॅग फेज'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : डेअरी कामगारांसाठी अन्नसुरक्षेची पुस्तिका मराठीत लिहितेय. पाश्चराइज केलेल्या दुधात नंतर लिस्टेरिया हा जिवाणू शिरला तर त्याची संख्या लगेच वाढत नाही, काही काळ होती तेवढीच राहते. या टप्प्यासाठी, म्हणजे लॅग फेजसाठी, मी 'सुप्तावस्था' वापरलंय. चालेल का?

– नको. सुप्तावस्था म्हटलं की बीजाणू, म्हणजे जिवाणूंची कवचबंद, निद्रिस्त रूपं, आठवतात. बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू भात शिजला तरी तग धरतात, ती खरी सुप्तावस्था. लॅग फेजमधली पेशी चांगली जागी असते. नव्या तापमानाला, नव्या अन्नाला लागणारी विकरं (एन्झाइम्स) तयार करत असते. विभाजन तेवढं सुरू झालेलं नसतं. 'विलंबकाळ' म्हणा.

– मी म्हणेन, जिवाणूंची वाढ मांडणारं गणिती मॉडेल कोणतं, ते बघून शब्द ठरवा. गॉम्पर्ट्झच्या वक्रात (मूळ सूत्र १८२५चं, माणसांच्या मृत्युदराचं. ते जिवाणूंच्या वाढीला लावलं गेलं, हीही गंमतच!) लॅग ही निव्वळ भूमिती आहे. वक्राचा चढ सर्वांत तीव्र असतो तिथे स्पर्शिका काढायची. ती सुरुवातीच्या संख्येच्या आडव्या रेषेला छेदते, तिथवरचा वेळ म्हणजे लॅग. पेशीच्या आत काय चाललंय, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तिथे 'विलंबकाळ' चपखल.

बारान्यी आणि रॉबर्ट्स यांच्या १९९४च्या मॉडेलचा विचारच वेगळा. पेशीला वाढीआधी काही काम उरकायचं असतं, आणि त्या कामाला वाढीच्या वेगाने भागलं की लॅग मिळतो. थंडीने वेग निम्मा झाला आणि काम तेवढंच असलं, तर लॅग दुप्पट. दूध थंड ठेवण्याचा हा दुहेरी फायदा 'विलंब' या शब्दातून कळत नाही. इथे 'पूर्वतयारीचा काळ' हवा.

प्रश्नकर्ती : पुस्तिकेत सूत्रं नाहीत हो, फक्त आलेख आहे. एकाच टप्प्याला दोन शब्द दिले तर लोक गोंधळतील.

– मग 'पूर्वतयारीचा काळ' हा एकच घ्या आणि आलेखावर 'लॅग' लिहा. प्रयोगशाळेतली माणसं तेच म्हणतात.

– जाता जाता, रॅटकोव्स्की आणि सहकाऱ्यांच्या १९८२च्या वर्गमूळ सूत्राचा (तापमानाबरोबर वाढीच्या वेगाचं वर्गमूळ सरळ रेषेत वाढतं, असं सांगणाऱ्या) आलेख असेल, तर त्यातल्या 'किमान तापमाना'मागे 'काल्पनिक' जोडा. ती रेषा शून्य वेगापर्यंत लांबवून काढलेला आकडा आहे. प्रत्यक्षात वाढ बहुधा त्याच्या दोनतीन अंश वरच थांबते.