जिनिंगमध्ये सस्टेनेबिलिटीचा फॉर्म आलाय, आधी हात कुठे घालायचा?

पांढरकवडा_जिनिंग

नमस्कार मंडळी. २४ डीआर जिन (कापसातून रुई अन् सरकी वेगळी करणारी दोन रोलरची मशीन), प्रत्येकी ५ एचपी. गाठी दाबायला एक प्रेस. हंगामात ९ हजारांच्या आसपास गाठी. एचटी (उच्च दाबाचं) कनेक्शन, ३१५ केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर.

ज्या सूतगिरणीला रुई जाते तिने यंदा चार पानी फॉर्म धाडला आहे. गाठीमागे वीज किती, पाणी किती, कचरा कुठे जातो, रोलरमध्ये क्रोम आहे का, गाठ कोणत्या गावच्या कापसाची ते सांगता येतं का. वर्षभराच्या बिलातल्या युनिटला गाठींनी भागलं तर ६४ येतात, यापुढे आमच्याकडे काही नाही. काकाजी म्हणतात सोलर टाकून मोकळे व्हा, फॉर्मही भरतो अन् फोटोही निघतो. हाताशी १२ लाख आहेत. दसऱ्याच्या मुहूर्ताआधी जे होईल ते करायचं आहे. आधी काय करावं, अन् पैसा कशात वाया जातो?

---

वीज_हिशेब

सोलर तूर्त बाजूला ठेवा. वर्षाच्या बिलातून काढलेल्या ६४ मध्ये ऑफिस, बोअर, चौकीदाराची खोली अन् पावसाळ्यातलं रिकामं बिल, सगळं कालवलेलं आहे. त्यावरून काहीच दुरुस्त करता येत नाही.

चार सबमीटर लावा: जिन हाउस, पंखे, प्रेस, बाकी सगळं. सीटी (मोठा करंट मीटरला झेपेल इतका लहान करणारे ट्रान्सफॉर्मर) धरून हे काम लाखाच्या बरंच आत बसतं. पाळी संपली की चार रीडिंग अन् त्या पाळीच्या गाठी एका वहीत लिहायच्या. रीडिंग घेणारा माणूस एकच ठेवा, नाहीतर सीटीचा गुणक कधी धरला जातो, कधी राहतो, अन् वही निकामी होते.

मीटर लागले की एक चाचणी करा. कापूस बंद करून सगळे जिन रिकामे चालवा अन् दहा मिनिटांचं रीडिंग घ्या. जिनमध्ये कापूस नसला तरी बेल्ट, बेअरिंग अन् रोलरवर टेकलेली पाती वीज ओढतच असतात. गंजीवरून (आवारातल्या कापसाच्या ढिगावरून) कापूस यायला उशीर झाला की २४ मशीन अशाच फिरत राहतात, कारण बंद-चालू करायचा कंटाळा. सहा-सहा मशीनचे चार गट करून वेगळे स्टार्टर द्या. कापूस कमी आला की एक गट बंद.

मग पाइपलाइनमधून कापूस अन् कचरा ओढणारे पंखे. पंख्याची हवा वेगाच्या प्रमाणात कमी होते, पण वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात कमी होते. मोटरची पुली १० इंचाची ९ केली तर वेग १० टक्के घटतो अन् वीज साधारण २७ टक्के. तुमच्या लाइनचा डँपर (हवेची झडप) कायम अर्धा मिटलेला असेल तर तो पंखा गरजेपेक्षा मोठा आहे, अन् ती वीज तुम्ही पत्र्याच्या झडपेवर घासून घालवताय.

पण पुलीला हात लावण्याआधी गळती बुजवा. एल्बोचा (पाइपच्या वळणाचा) बाहेरचा पत्रा कापसातल्या रेतीनं झिजून भोकं पडलेली असतात, फ्लँजचं (पाइपच्या जोडाचं) पॅकिंग गेलेलं असतं, सायक्लोनखालच्या (हवेतून कचरा वेगळा करणाऱ्या नरसाळ्याखालच्या) एअरलॉकचं रबर फाटलेलं असतं. भोकं तशीच ठेवून वेग कमी केला तर पहिल्याच दिवशी लाइन तुंबते अन् फिटर जुनी पुली परत चढवतो. मग पुढची दहा वर्षं "करून पाहिलं, नाही जमत".

आणखी एक. नोव्हेंबरचा ओलसर कापूस जड असतो, त्याला हवा जास्त लागते. जानेवारीच्या सुक्या कापसावर चाचणी घेऊन खूश होऊ नका. म्हणून कचऱ्याच्या पंख्याला, जिथे भार सारखा असतो, तिथे पुली बदलणं पुरतं. कापूस ओढणाऱ्या पंख्याला व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) ठीक. ड्राइव्ह मात्र जिन हाउसमध्ये टांगू नका. त्याचा कूलिंग फॅन रुईच्या तुसानं महिन्यात बंद पडतो. भिंतीपलीकडे, बंद खोलीत.

---

पांढरकवडा_जिनिंग

डँपर खरंच अर्धा मिटलेला आहे, किती वर्षांपासून ते कोणालाच माहीत नाही. अजून एक विचारतो. मे ते सप्टेंबर जिन बंद असतात. ऑफिस, कॅमेरे, बोअर एवढंच चालतं, तरी बिल बरंच येतं. हे डिमांडचं (कमाल मागणीच्या आकाराचं) असतं का?

---

वीज_हिशेब

डिमांड आकार आहेच, पण कपॅसिटर पाहिलेत का? एचटीला २०२० च्या एप्रिलपासून बिल केव्हीएएचवर होतं, म्हणजे नुसत्या कामाच्या विजेवर नाही तर लाइनमधून ओढलेल्या एकूण केव्हीएवर. हंगामात पॉवर फॅक्टर (एकूण केव्हीएत कामाची वीज किती ते प्रमाण) सुधारायला २५ केव्हीएआरचा फिक्स कपॅसिटर लावलेला असतो, तो मे महिन्यात कोणी काढत नाही. तुमचा खरा भार समजा ३ किलोवॉट. कपॅसिटरच्या २५ मधले ५-६ ट्रान्सफॉर्मर खातो, उरतात १९. तीनचा वर्ग अधिक एकोणीसचा वर्ग, त्याचं वर्गमूळ सव्वाएकोणीस. म्हणजे वापरले ३, मीटरवर पडले १९ केव्हीए. महिन्याच्या ७२० तासांत २,१६० युनिटच्या जागी पावणेचौदा हजार. कपॅसिटर जास्त झाल्यानं येणारा लीडिंग पॉवर फॅक्टरही, कपॅसिटर कमी पडल्यानं येणाऱ्या लॅगिंगइतकाच महाग पडतो, हे पुष्कळांच्या गावी नसतं.

उपाय फुकट आहे. हंगाम संपला की फिक्स कपॅसिटरचा एमसीसीबी (ब्रेकर स्विच) खाली. एपीएफसी (कपॅसिटर आपोआप चालू-बंद करणारं) पॅनेल असेल तर ते मॅन्युअलवर अडकलेलं नाही ना ते पाहा. बिलावर वर्गवारीही तपासा. वर्षातले जास्तीत जास्त ९ महिने चालणाऱ्या उद्योगांसाठी हंगामी वर्ग आहे अन् त्यात जिनिंग, प्रेसिंग, सरकी तेल गिरण्या नावानिशी आहेत. युनिटचा दर अन् डिमांड दोन्ही धरून, कोणता वर्ग स्वस्त पडतो ते कागदावर मांडा. प्रत्येकाचं उत्तर वेगळं निघतं.

---

रोलर_फिटर

वीज_हिशेब दादांनी पंखे सांगितले, मी जिनचं सांगतो भाऊ.

रोलरला हात लावून पाहा, चटका बसत असेल तर पातीचा दाब जास्त आहे. त्यानं वीजही जाते, रोलरही जातो, अन् रुईला जळका वास येतो तो वेगळा. दाब कमी पडला तर सरकीवर धागे राहतात. मूठभर सरकी उन्हात धरून पाहायची, पांढरी जास्त दिसली की रुई तेल गिरणीत चालली समजा. २४ मशीनमध्ये पाच-सहा तरी अशा निघतातच.

१८० मिलिमीटरचा रोलर झिजून १५० वर आला की त्याच्या पृष्ठभागाचा वेग १७ टक्के घटतो. मोटर तेवढीच फिरते, रुई मात्र कमी निघते. गाठीमागचे युनिट तिथूनच वाढतात. ग्रूव्ह (रोलरवरच्या खाचा) बुजले तरी तेच. रोलरवर ग्रूव्ह मारल्याची तारीख खडूनं मशीनवरच लिहा, वहीत लिहिलेली कोणी पाहत नाही.

आता क्रोम. रोलरवर ओवलेले जुने चामड्याचे वॉशर क्रोमनं कमावलेले असतात. घासून जी भुकटी पडते ती रुईत बसते अन् माणसाच्या छातीतही जाते. मुंबईच्या सिरकॉट या कापूस संशोधन संस्थेनं रबर चढवलेल्या सुती कापडाचे बिनक्रोमचे रोलर आणून पुष्कळ वर्षं झाली. नागपूरला त्यांचं जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे तुमच्या फिटरलाच पाठवा, मालकानं जाऊन उपयोग नाही. एकदम २४ बदलू नका. दोन मशीन बदला, शेजारच्या दोन चामड्याच्या ठेवा, एकाच गंजीचा कापूस द्या अन् तासाची रुई तोला. एका मशीनच्या दोन्ही रोलरला वॉशर एकाच जातीचे पाहिजेत, एक चामडं अन् एक रबर ठेवलं तर दाब कधीच जुळत नाही. फिटर जुन्याच सवयीनं पाती आवळतो अन् मग "रबर लवकर झिजतं" म्हणतो.

अन् जुने वॉशर शेकोटीत घालू नका. क्रोमचं चामडं जाळलं तर त्यातलं क्रोम जास्त विषारी रूपात जाऊ शकतं. भुकटी अन् वॉशर वेगळ्या ड्रममध्ये ठेवा, घातक कचऱ्याचा परवाना असणाऱ्याला द्या, पावती ठेवा. तुमच्या फॉर्मला तीच पावती लागते.

---

उन्हाचा_भाव

काकाजींच्या बाजूनं कोणीतरी बोलायला हवं. सोलर जिनिंगला वाईट नाही. नेट मीटरिंगचं क्रेडिट (ग्रिडला दिलेले जादा युनिट) एप्रिल ते मार्च असं पुढे ओढलं जातं. तुमचे बंद महिने त्या वर्षाच्या पूर्वार्धात अन् हंगाम उत्तरार्धात, म्हणजे उन्हाळ्यातले युनिट हिवाळ्यात वापरता येतात. ३१ मार्चला जे उरतं त्याला कवडीमोल भाव मिळतो, म्हणून क्षमता मोठी घेऊ नका. फक्त दिवसाचं क्रेडिट रात्रपाळीच्या युनिटला लागतं का, हे करार करण्याआधी वीज कंपनीकडून लेखी घ्या. दुकानदाराच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

१ किलोवॉटला दिवसाला सरासरी ४ युनिट अन् सुमारे १०० चौरस फूट जागा धरा. मे महिन्यात ४५ अंशांत पॅनेल ६५-७० अंशांवर तापतं, २५ च्या वर प्रत्येक अंशाला ०.३५ ते ०.४ टक्के उत्पादन पडतं. भर उन्हाळ्यात उन्हाच्या मानानं युनिट कमी, ते याचमुळे.

जागेचं मात्र पक्कं ठेवा: जिन हाउस अन् रुईच्या गोदामावर पॅनेल नको. डीसीच्या सैल जोडातून ठिणगी पडते, खाली तूस असतं, अन् उन्हात डीसी लाइन सहज बंदही होत नाही. ऑफिस, वजनकाट्याचं शेड किंवा मोकळ्या जागेत उभी करा. तरी वीज_हिशेब यांचं खरं आहे. आधी पंखे अन् रोलर नीट करा, मग किती किलोवॉट लागतात ते मोजा. गळक्या लाइनसाठी सोलर विकत घेऊ नये.

---

रुई_खरेदी

गिरणीच्या बाजूनं लिहितो. चार पानांत जो प्रश्न तुम्हाला किरकोळ वाटेल तोच आम्हाला सर्वांत मोठा असतो: गाठ कोणत्या कापसाची? तपासणीला येणारा मशीन कमी पाहतो, बेरीज जास्त पाहतो. १०० किलो कापसातून साधारण ३४ रुई, ६४ सरकी, २ घट. १७० किलोच्या १०० गाठींना म्हणून ५०० क्विंटल कापूस लागला पाहिजे. खरेदी ४०० ची अन् गाठी १०० असं दिसलं की पुढचं पान उघडलंच जात नाही. नोव्हेंबरात १२ टक्के ओलीनं घेतलेला कापूस जानेवारीत जिनला जाताना वजनात बसतो, ती घट स्वतंत्र रकान्यात दाखवा, रुईत कोंबू नका.

साखळी अशी ठेवा: काट्याची पावती, तीवर गावाचं नाव अन् गंजी क्रमांक. गंजीवर पाटी. जिनच्या वहीत तारीख, पाळी, गंजी. गाठीवर लॉट क्रमांक. अडचण खेडा खरेदीत येते. व्यापारी चार गावांचा कापूस एका मेटॅडोरमध्ये आणतो. तो वेगळ्या "मिश्र" गंजीवरच टाका. त्याला ओढूनताणून एका गावाचं नाव देणाऱ्याचं सगळं रेकॉर्ड मग संशयात जातं. गंजी बदलताना मशीन अन् लाइन रिकामी होईपर्यंत चालवा, मधली एक-दोन गाठ "मिश्र" म्हणून वेगळी काढा.

कस्तुरी कॉटन भारत या भारतीय कापसाच्या ब्रँडमध्ये प्रत्येक गाठीला क्यूआर असतो. तिकडे जायचं असेल तर हीच वही पाया आहे. लहान उद्योगांसाठीच्या झेड (झीरो डिफेक्ट, झीरो इफेक्ट) प्रमाणपत्राचं ब्राँझही पाहा, लघु उद्योगाला शुल्कात ६० टक्के सवलत आहे.

---

बोंडअळी_नको

कचऱ्यावर कोणी बोललं नाही. तुमच्या आवारातली जुनी सरकी अन् कचरा म्हणजे गुलाबी बोंडअळीचा मुक्काम. दोन सरक्या चिकटवून आत अळी झोपून राहते, पहिल्या पावसात पतंग निघून शेजारच्या कपाशीवर जातात. मेअखेर आवारात सरकी नको. गॉसिप्ल्युरचे (मादी पतंगाच्या गंधाचे) कामगंध सापळे आवाराच्या कडेनं लावा अन् ल्युर (आतली गंधाची वडी) मुदतीत बदला. जुनी ल्युर टांगलेला सापळा नुसती शोभा आहे.

कचरा जाळू नका, कुजवा. एक थर कचरा, वर शेणकाला. एक टन कचऱ्याला शंभरेक किलो ताजं शेण अन् ५ किलो युरिया पुरतो. तूस पाणी झटकतं, वरून पाइप मारला तर आत कोरडं राहतं, म्हणून थर लावतानाच तुडवून भिजवा. मूठ आवळली की दोन-चार थेंब पडावेत. ढीग कंबरेएवढा तरी हवा, नाहीतर तापत नाही. आत ५५ ते ६५ अंश चढले की अळीही मरते अन् तणाचं बीही. पंधरा दिवसांनी पालटा, अडीच-तीन महिन्यांत खत. रोलरची भुकटी यात चुकूनही नको.

---

पांढरकवडा_जिनिंग

कपॅसिटरचा एमसीसीबी आजच खाली केला. राहिला पाण्याचा रकाना. मार्चनंतर रुई कोरडी पडून प्रेसला गाठीच्या पट्ट्या तुटतात म्हणून हमाल रुईवर बादलीनं पाणी मारतात. ते किती म्हणून लिहू?

---

रोलर_फिटर

लिहू नका भाऊ, आधी बंद करा. बादलीचं पाणी एका जागी बसतं, तिथे गाठ आतून पिवळी पडते अन् बुरशी धरते. वजन वाढवायला पाणी मारलं असाही अर्थ निघतो. ओल कापसालाच द्यायची, जिनला जाण्याआधी, बारीक फवाऱ्यानं. १७० किलोच्या गाठीत ओल ३ टक्क्यांनी वाढवायला जेमतेम ५ लिटर लागतात. फवाऱ्याच्या लाइनला पाण्याचं मीटर लावा, रकाना आपोआप भरतो.

बोअरचं पाणी मात्र वापरू नका, आपल्याकडचं जड पाणी आठवड्यात नोझल बंद करतं. २० हजार चौरस फूट पत्र्यावर ९०० मिलिमीटर पाऊस पडला तर वीस टक्के वाया धरूनही १३ लाख लिटर पाणी उतरतं. आगीची टाकी त्यानंच भरा, फवाऱ्यालाही तेच घ्या. पहिल्या दोन पावसांचं पाणी सोडून द्या, पत्र्यावर वर्षाचं तूस बसलेलं असतं. नोझल तरी तुंबलंच तर तारेनं कोरू नका, भोक मोठं होऊन फवाऱ्याची धार होते. लिंबूसत्वाच्या पाण्यात रात्रभर टाकून ठेवा.