ऑनलाईन वर्गात मुलांची घडी विस्कटलीये, काय करू?

सातवीची_ताई:
नमस्कार, मी सातवीला ऑनलाईन शिकवते. सुरुवातीला सगळी वेळेवर यायची, आता अर्धी उशिरा येतात, काही तर अंथरुणातूनच जॉईन होतात. एक मुलगा रोज येतो पण कॅमेरा बंद, माईक बंद, नाव घेतलं की चॅटमध्ये "हो मॅडम" एवढंच. मागच्या आठवड्यात त्याचा माईक चुकून चालू राहिला तर मागे जोरजोरात भांडण चाललेलं, बाळ रडत होतं, त्याने घाईघाईने म्यूट केलं. तेव्हापासून त्याला कॅमेरा लाव म्हणायला जीभच रेटत नाही. पोर्शन मागे पडलाय ते बघता येईल हो, पण या पोरांच्या दिवसाला काही आकारच उरलेला नाही. मी इथून काय करू शकते?

खडू_फळा:
ताई, मी आधी एक मोठी चूक केली, मुलांना कंटाळा येऊ नये म्हणून रोज नवीन ॲप, नवीन खेळ, नवीन लिंक. त्यांची निम्मी शक्ती आज कुठे क्लिक करायचं यातच जायची. मग सगळं बंद केलं. एकच लिंक, एकच वेळ, पहिली पाच मिनिटं स्क्रीनवर तारीख आणि कालच्या धड्यातला एक प्रश्न, मग वीस मिनिटं शिकवणं, मग वहीत काम. आठवड्याचं वेळापत्रक रविवारी संध्याकाळी एकाच मेसेजमध्ये. एक दिवस तारीख लिहायची राहिली तर तीन जणांनी लगेच चॅटवर विचारलं, मॅडम आज तारीख? तेव्हा कळलं त्यांनी ती किती घट्ट धरून ठेवली होती. आणि कॅमेऱ्याची सक्ती नकोच, सतत स्वतःचा चेहरा समोर दिसणं हेही व्हिडिओ कॉलच्या थकव्याचं एक कारण आहे असं स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी 2021 मध्ये मांडलंय.

दोन_मुलांची_आई:
पालकांना झोपेचं नक्की सांगा. 6 ते 12 वर्षांच्या मुलांना 9 ते 12 तास लागते, त्यापुढे 18 पर्यंत 8 ते 10. आमच्याकडे वेगळी खोली नाही, भिंतीकडचा एक कोपरा ठरवलाय. वर्ग संपला की वह्या दप्तरात आणि दप्तर कोपऱ्यातून बाहेर, नाहीतर शाळा रात्रीपर्यंत संपतच नाही.

तेव्हाचा_दहावीवाला:
2020 मध्ये युनेस्कोच्या आकड्यानुसार जगभरात जवळपास 160 कोटी विद्यार्थ्यांचे वर्ग बंद पडले, त्यातला मी एक. माझेही कॅमेरा-माईक बंदच असायचे. आमचे एक सर दर गुरुवारी फोन करायचे, दोनच मिनिटं, गृहपाठाचा विषय कधीच नाही. बाकी आठवडा कसाही जावो, गुरुवारी फोन येणार हे माहीत असायचं. त्या मुलाला फोन कराच, फक्त मोबाईल बहुतेक घरातल्या सगळ्यांचा असेल आणि सगळे ऐकत असतील, म्हणून हो किंवा नाही एवढ्यात उत्तर देता येईल असेच प्रश्न विचारा.

सातवीची_ताई:
हे हो-नाहीचं मला सुचलंच नसतं, मनापासून आभार. बुधवारी वर्गानंतर त्याला फोन करते, आणि मग दर बुधवारी. काही गंभीर वाटलं तर शाळेच्या समुपदेशक बाईंशी त्याच दिवशी बोलेन. तारखेचं उद्यापासूनच.