‘पपई’ म्हणून हाक आली आणि मी ग्रुप सोडला. चुकलं का माझं?

नदीकाठ:
आमच्या दहावीच्या बॅचचं गेट-टुगेदर ठरतंय. गेल्या आठवड्यात मला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये घेतलं आणि दोन मिनिटांत मेसेज आला, ‘पपई आला रे!’ खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. मी ग्रुप सोडला. बायको म्हणाली, “२७ वर्षं झाली, किती दिवस धरून बसणार?”

मी बोलताना अडखळतो. ‘प’वर सगळ्यात जास्त. मराठीच्या तासाला धडा वाचायची पाळी ओळीने यायची. मी पुढची मुलं मोजून आपला परिच्छेद आधीच शोधायचो, त्यात ‘प’ किती ते बघायचो. अडलो की मागच्या बाकांवरून सूर लागायचा, ‘प-प-पपई!’ सर फळ्याकडे तोंड करायचे. त्यांचे खांदे हलताना मला दिसायचे.

शाळा सुटली, चिडवणं थांबलं, पण शब्द टाळायची सवय लागली ती लागलीच. हॉटेलात पोहे खावेसे वाटले तरी उपमा सांगतो. मुलगी बघायला गेलो तेव्हा सगळं दादाच बोलला. मला पोहे आवडतात हे बायकोला लग्नानंतर चार वर्षांनी कळलं. ती फोनवर बहिणीशी हसत असली तरी मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन विचारतो, “काय झालं?” बढतीच्या मुलाखतीला दोनदा गेलो नाही.

सह्यकडा:
चुकलं. राग मानू नका, स्पष्ट लिहितोय. आमच्या वर्गात एकालाही खऱ्या नावाने हाक मारत नसत. मी ‘बॅटरी’, जाड भिंगाचा चष्मा होता म्हणून. वडील गेले त्या रात्री हीच ‘बॅटरी’ म्हणणारी पोरं माझ्यासोबत दवाखान्यात बसून होती. त्या मेसेजमागे मायाही असेल. तुम्ही विचारलंही नाही. आणि आज कुणी चिडवत नसताना मुलाखतीला न जाण्याचा दोष त्या पोरांवर कसा टाकता?

रानजाई:
सह्यकडा, तुम्हीही त्यांना उलट नाव ठेवत होता ना? इथे अख्खा वर्ग एका बाजूला आणि हा एकटा. उलट बोलायला तोंड उघडावं तर तिथेच अडतंय.

पण नदीकाठ, तुमच्या बायकोच्या बाजूनेही बोलते, कारण मी तिच्या जागी आहे. माझ्या नवऱ्याला शाळेत ‘काळ्या’ म्हणायचे. घरच्या प्रत्येक फोटोत तो नसतो, कारण कॅमेरा त्याच्या हातात असतो. ‘हा शर्ट छान दिसतो’ म्हटलं की विचारतो, ‘म्हणजे कालचा वाईट होता?’ मी त्याच्या वर्गात नव्हते. तरी १४ वर्षं रोज मीच सिद्ध करतेय की मी त्याला हसत नाही. दमायला होतं हो.

खडूची_धूळ:
मी शिक्षिका आहे. ‘मुलं विसरतात’ हे आमच्या स्टाफरूममध्येही ऐकते. ब्रिटनमध्ये १९५८ साली एकाच आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा आयुष्यभर माग ठेवला गेला. त्यातल्या ७,७७१ जणांच्या पालकांना मूल ७ आणि ११ वर्षांचं असताना विचारलं होतं, याला इतर मुलं त्रास देतात का? ज्यांना वारंवार त्रास झाला, त्यांच्यात पंचेचाळिसाव्या वर्षीही नैराश्य आणि चिंता जास्त आढळली. पन्नाशीत जोडीदारासोबत राहणारे कमी, अडीअडचणीला माणसं कमी. घरची परिस्थिती, बुद्धी वगैरे हिशेबात धरूनही हा फरक उरला. २०१४ साली हे प्रसिद्ध झालं.

आणि सर. महाराष्ट्राच्या १९९९च्या रॅगिंगविरोधी कायद्यात चिडवणंही धरलंय. तक्रारीकडे दुर्लक्ष करणारा संस्थाप्रमुख त्या गुन्ह्याला साथ देणारा ठरतो. नदीकाठ शाळेत होते तेव्हा हा कायदा नव्हता. पण फळ्याकडे तोंड फिरवायचं नाही, हे कळायला कायदा कशाला हवा होता?

सह्यकडा:
आकडे मान्य. पण ‘जास्त आढळली’ म्हणजे प्रत्येकाला नाही. मीही त्याच चिडवण्यातून आलोय आणि ठीक आहे. रानजाईंचं पटलं मात्र. घरच्यांनी का सोसायचं? सरांबद्दल माझ्याकडे उत्तर नाही.

वळीव:
मी मागच्या बाकावरची. हसणाऱ्यांतली. आमच्या वर्गातल्या एका मुलीच्या फ्रॉकला घासलेटचा वास यायचा, त्यावरून. मला हसू येत नसायचं. थांबले तर पुढचा नंबर माझा, एवढंच कळत होतं. तिला शोधून माफी मागावी असं दहादा मनात आलं. पण तिचं बरं चाललं असेल तर मी कशाला आठवण करून देऊ? सह्यकडा, त्यात माया अजिबात नव्हती.

नदीकाठ:
ग्रुपवर परत जाणार नाही. मेसेज टाकणाऱ्याला एकट्याला लिहिलंय, ‘मला नावाने हाक मार.’ त्याने वाचलंय, उत्तर नाही.

रानजाई, तुमचा प्रतिसाद रात्री बायकोला मोठ्याने वाचून दाखवला. ‘प्रत्येक’पाशी अडलो. दुसरा शब्द घालता आला असता, घातला नाही. ती पोळ्या लाटायची थांबली होती.